ताट कुणी उचलायचं

सासऱ्यांनी जेवून आपलं ताट स्वतः उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. प्रणिता संशयाने बघत राहिली. तालुक्याच्या कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या सरांनी घरातल्या जेवणाच्या रीतींचं निरीक्षण करायला सांगितलंय, हे तिने घरी सांगितल्यापासून हे सुरू झालं होतं. त्याआधी या घरातल्या पुरुषांची उष्टी ताटं बायकाच उचलत.

पाहुण्यांसमोर वागावं तसे सगळे तिच्यासमोर वागत होते. असलं निरीक्षण काय कामाचं? त्यात सासूबाई रोज विचारत, "तुझं ते प्रोजेक्ट संपणार कधी?" आपलं हे बघणं त्यांना खुपतंय, असं तिला वाटे. बी.ए. संपत आलं होतं. पुढे कोल्हापूरला विद्यापीठात शिकायला जायचं, तर त्यांचाच होकार हवा होता.

शेवटी एका संध्याकाळी वाढता वाढता ती म्हणाली, "प्रोजेक्ट आज सरांना दिलं."

"चला, सुटलो एकदाचे!" सासऱ्यांनी शेवटचा घास संपवून ताटातच हात धुतला आणि ताट तिथेच सोडून ते उठले.

"अहो, थांबा," सासूबाई म्हणाल्या. "ते ताट उचला आधी. ती आता दोन वर्षं कोल्हापूरला शिकायला जाणार आहे. तिथंही प्रोजेक्ट असणारच की. दर सुट्टीला येऊन बघेल."

सासऱ्यांनी संशयाने सुनेकडे पाहिलं. "असतात का गं?"

"असतात, मामंजी," प्रणिता म्हणाली. "तिथली तर वर्षभर चालतात."