आधी रेघ

"बाबा, ह्यावर नुसतं बोटानं लिहायचं," म्हणत वैजूनं ह्यांच्या मोबाइलवर तिसरा कीबोर्ड टाकून दिला. पहिल्याची अक्षरं इतकी बारीक, की ह्यांच्या जाड बोटाखाली दोन-तीन एकदम दाबली जात. दुसऱ्यावर बोट फिरवलं की भलतेच शब्द उमटत. अर्धांगानं वाचा गेली, पेनही धरवेना; तेव्हापासून मनातलं सांगायला ह्यांच्याकडे मोबाइलशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

ह्यांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली आणि काचेवर बोट ओढलं. एक आडवी रेघ उमटली. पुन्हा ओढलं, पुन्हा रेघच.

वैजू मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आई, बाबा अक्षरं विसरलेत गं," म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

मी दारातून बघत होते. एक डोळा बारीक करून, श्वास रोखून हे रेघ ओढत होते. दुकानांच्या पाट्यांवर जन्मभर ओढली, तशीच.

"विसरतायत कसले!" मी म्हटलं. "पाट्या रंगवणारा माणूस आधी रेघ मारतो, मग तिच्याखाली अक्षरं लटकवतो."

मी जाऊन ह्यांचं बोट धरलं. "अहो, ही पाटी नव्हे, बोट उचललं की नुसती रेघच उमटते. इथं आधी अक्षर काढा, रेघ शेवटी."

ह्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग सावकाश लिहिलं, 'पोहे खारट'.

"मग उद्यापासून स्वतः करा!" मी ताडकन म्हणाले. ह्यांनी लगेच पुन्हा बोट टेकवलं, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच आमचं भांडण रंगलं.