ओट्याचं माप

गरजू कुटुंबासाठी घर बांधायला सुट्टीत आलेल्या पोरांमध्ये एक पोरगी भलतीच हट्टी निघाली. "गवंडीकाका, स्वयंपाकाचा ओटा चार बोटं खाली घ्या ना!"

"का गं? मालकीण बुटकी आहे, असं स्वप्नात आलं की काय तुझ्या?" काका करवादले. मैत्रिणी खिदळल्या. पण ती अडूनच बसली, तेव्हा काकांनी कुरकुरत का होईना, ओटा खाली घेतला.

किल्ली द्यायच्या दिवशी घराची मालकीण बाई आली ती थेट ओट्याशीच जाऊन उभी राहिली. भाड्याच्या खोलीत इतकी वर्षं पाटावर चढून स्वयंपाक केलेला. आज पाय जमिनीवर टेकले होते.

"अगदी माझ्या मापाचा!" तिनं ओट्यावरून हात फिरवला. "कुणाला सुचलं हो हे?"

"या पोरीला. जीव खाल्ला हिनं माझा," म्हणत काकांनी तिला कौतुकानं पुढे ढकललं.

पोरीचे कान तापले. सगळ्या मैत्रिणी बघत होत्या. तिनं बाईकडे पाहिलं आणि कुणाला कळणार नाही अशी, हलकेच नकारार्थी मान हलवली.



"गुणाची आहेस गं," ओट्यावरचा हात तसाच ठेवून तिची आई म्हणाली. "नाव काय तुझं?"