पुढचा कोण?

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातला स्क्रीन कोरा पडला. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक कॉलकडे फक्त पुढच्या कॉलचा मेमरीतला पत्ता होता. प्रोग्रामने संपलेला कॉल आधी पुसला, मग त्यालाच विचारलं, "पुढचा कोण?" पुढची अख्खी रांग बेवारस झाली. "रीस्टार्ट मार!" दाजी ओरडले, घरी बहिणीचा नवरा, इथे साहेब. "नको, दाजी! मशीन बंद पडलं तर वाट बघणारे पेशंट कायमचे हरवतील." ते तिरीमिरीत वळले, पाय लागून मशीनचा सैल प्लग निसटू लागला. त्यांनी गुडघे टेकून तो भिंतीत दाबून धरला. मी मेमरी उपसली. एक पत्ता सापडला, त्यावरून पुढचा. रांग परतली, गाड्या सुटल्या. "हात भरून आला रे, तू धर." मी धरला. तरी त्यांनी हात काढला नाही. "नीट धरलास?" "हो." "मग सोडतो." माझ्या प्रोग्राममध्ये नेमकी हीच ओळ नव्हती.