बीटा आवृत्तीची तपासणी

तपासनीस साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा न्याहाळला. ऑपरेटिंग सिस्टिम नवीन होती. ती नसेल तर टायपिंग क्लासची मान्यता जाणार होती.

"पंधरा वर्षांच्या कॉम्प्युटरवर ही चालते?"

"चालते की," क्लास चालवणाऱ्या कुमुदबाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. सिस्टिमच्या कंपनीने या जुन्या मशीनना केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. मी, बाईंचा जुना विद्यार्थी, इंटरनेटवर वाचून वाचून अर्धीकच्ची बीटा, म्हणजे चाचणीपुरती, आवृत्ती या मशीनच्या गळी उतरवली होती. ती बहुतेक वेळा चालायची.

क्लासमधली सुकन्या साहेबांसमोर परीक्षेला बसली. तिसऱ्या ओळीला पडदा काळाठिक्कर पडला.

"बाई, काहीच दिसत नाहीये!"

"तुला तिकडे बघायला सांगितलंय कुणी? नजर कागदावर!" वीस वर्षं बाई प्रत्येक मुलीला हेच सांगत आल्या होत्या. आज मात्र हे सांगताना त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

सुकन्या काळोखात टाइप करत राहिली. संपल्यावर तिने सवयीने प्रिंटची बटणं दाबली. बराच वेळ काही झालं नाही. मी बाहेर पडायच्या दाराचा अंदाज घेतला. मग प्रिंटर खाकरला आणि कागद बाहेर आला. समास, परिच्छेद, सगळं जागच्या जागी. चूक एकही नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला, मेलेल्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं : 'पडदा अनावश्यक. मान्यता द्यावी.'