उजवा कौल

महादू गुरवाने रवळनाथाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मग मागे वळून म्हणाला, "सुगंधाकाकी, काय इचारूचा ता सरळ सांग. मागच्या खेपेक तू इचारलंस म्हशीचा आणि ऐकवलंस सुनेक."

सुगंधाने पदर खोचला. "सरळच सांगतंय. नातीचो चष्मो काढूचो आसात तर उजवो दी. ऱ्हवांदे म्हणत असशीत तर डावो."

मागे खांबाशी सून उभी होती, अक्षया. तिचं बोट धरून तीन वर्षांची सलोनी. सलोनीच्या नाकावर निळा, वाटोळा चष्मा. पडू नये म्हणून मागे डोक्याला रबरी पट्टा. नंबर उणे सात. चष्मा सकाळीच मालवणहून आला होता.

सलोनी सातव्या महिन्यातच आली होती. वजन सोललेल्या नारळाहून थोडं जास्त. सहा आठवडे काचेच्या पेटीत काढले. मग डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या, म्हणून कोल्हापूरला लेझर. पडदा वाचला. पण अशा मुलांना लहानपणीच मोठा नंबर लागतो, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. परवा तपासून म्हणाले, "हिला वीतभर अंतरापलीकडचं सगळं पुसट दिसतं. आता चष्मा लावला नाही, तर डोळे बघायला शिकणारच नाहीत."

सुगंधा डॉक्टरांना हसली होती. "ह्या चेडू बांगड्याचो काटो निवडता. तुमका येता?"

खोटं नव्हतं ते. सलोनी ताटलीवर वाकून, नाक जवळजवळ आमटीत बुडवून, केसाएवढा काटासुद्धा काढायची. मासे खाणाऱ्या गावात डोळ्यांची याहून मोठी परीक्षा कुठली? शिवाय पोर लाघवी. कोणीही आलं की मांडीवर चढायची, दोन्ही गाल धरायची आणि नाकाला नाक लावून बघत राहायची. माणसांची वेडी म्हणून अख्ख्या वाडीत नाव.

खरं दुखणं वेगळंच होतं. पेटीतून बाहेर काढल्यावर तो मूठभर जीव नर्सने शिकवलं तसं सुगंधाने आपल्या छातीशी बांधून वाढवला होता. आणि तेव्हापासून विहिरीपासून बाजारापर्यंत सगळ्यांना सांगत आली होती, "आता तिका काय एक नाय." चष्मा नाकावर बसला की वाडीला कळणार, काहीतरी राहिलंच होतं.

अक्षयाने कौलाला हो म्हटलं, ते एका अटीवर. कौल मिळेपर्यंत चष्मा उतरवायचा नाही. "उजवो पडलो तर मी माझ्या हातान काढीन," असंही बोलून बसली होती, आणि घरापासून देवळापर्यंत स्वतःची जीभ चावत आली होती.

एरवी साळुंकीसारखी बडबडणारी सलोनी आज वाटेत एक शब्द बोलली नव्हती. मान वर, तोंड उघडं, दर चार पावलांना थांबत चाललेली.

"बघ," सुगंधा म्हणाली होती, "चेडवाची वाचा बसली."

महादूने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सुगंधा खणखणीत म्हणाली.

पाकळ्या हलेनात. समईच्या उजेडात काळ्या पाषाणावर देवाचे रुप्याचे डोळे तेवढे लखलखत होते.

सलोनीने आईचं बोट सोडलं. गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी आली आणि आत बघत उभी राहिली.

"आजये, ह्यो कोण?"

"कोण म्हणजे? देव तो. दर सोमवारी पाया पडतंस मां?"

सलोनीने मान फिरवून घंटेकडे बघितलं. दर सोमवारी आजी तिला उचलून धरायची, आणि ती घंटेकडे तोंड करून हात जोडायची. आवाज यायचा तिथे. पोरांना घंटा आवडतेच, असं म्हणून सुगंधा कौतुकाने हसायची.

सलोनी पुन्हा देवाकडे वळली. खूप वेळ बघितलं.

"आदी खंय होतो?"

देव आधी कुठे होता, म्हणे. महादू उगाच समईची वात सारखी करू लागला. सुगंधाच्या डोळ्यांपुढून ते सगळे सोमवार गेले. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. नाकाला नाक लावून हे पोर इतके दिवस लाड करत नव्हतं. आजी कशी दिसते ते बघत होतं.

"तेनीपण चष्मो लावल्यान," सलोनी रुप्याच्या डोळ्यांकडे बोट करून म्हणाली. तिला ते पसंत पडलेलं दिसलं.

महादूला हसू फुटलं. आणि नेमकी तेव्हाच एक पाकळी सुटली, घरंगळली, देवाच्या पायाशी पडली.

महादूचं हसू गेलं. "काकी... उजवो दिल्यान."

अक्षयाने डोळे मिटून घेतले. वाकली, सलोनीच्या डोक्यामागच्या पट्ट्याकडे हात नेला.

"हात लावशीत तर बघ," सुगंधा म्हणाली. तिने नातीला उचलून कडेवर घेतलं आणि पट्टा स्वतःच नीट बसवला. "महादू, उजवो दिल्यान तो माझ्या दुसऱ्या इचारण्याक."

"दुसरा खंयचा? तू एकच इचारलंस."

"दुसरा आता इचारतंय," सुगंधा म्हणाली आणि देवाकडे वळली. "चष्मो ऱ्हवांदे मां, म्हाराजा?"