बाहेरचा चहा

कारंज्याच्या एसटी स्टँडसमोरचं देवमनचं हॉटेल अजून नवंकोरं होतं, तरी त्यानं दारापुढच्या पायऱ्या फोडायला काढल्या. तिथं त्याला उतार करून हवा होता. गवंडी उकंडराव सब्बल घेऊन आला खरा, पण त्याचा हात काही उठेना.

"चांगल्या पायऱ्या कायले फोडून राह्यला बाप्पा? त्या जगदेवसाठी?"

घड्याळं दुरुस्त करणारा जगदेव कुबड्यांवर चालायचा. रोज पायऱ्यांपाशी थांबायचा, आतल्या गप्पा ऐकायचा आणि मुकाट निघून जायचा.

"हो, त्याच्याचसाठी."

"मंग त्याले बाहेर एक बाकडं टाकून दे ना! तिथंच नेऊन देत जा चहा. त्याच्या जिवाले तरास नाही, तुले खर्च नाही."

उकंडराव मनापासून बोलत होता, म्हणून देवमनला राग आला नाही. तो नुसता हसला.

"दादा, बाहेरचा चहा कसा लागते, ते मले विचारा. माह्या लहानपनी आमच्या लोकायचे कप हॉटेलाबाहेर खिळ्याले टांगून राहत. चहा तोच राहे, साखरबी तेवढीच. पन गोड नाही लागे. फोडा!"