वानरं जगली पाहिजेत

चेन्नईत अड्यारमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या संमेलनात निसर्गप्रेमी अशोकराव निलगिरीच्या काळ्या वानरावर तासभर बोलले. "झाडाची पानं खाऊन जगणारा गरीब जीव! आणि त्याच्या मांसाचं दम्यावरचं लेह्यम, म्हणजे चाटण, करायला लोक त्याला मारतात!" हे म्हणताना त्यांना अशी धाप लागली, की पुढच्या रांगेनं डोळेच पुसले.

ते स्टेजवरून उतरल्यावर यामिनीकाकूंनी पाणी पुढे केलं. "भावजी, दमा अजून आहेच का? औषध घेताय ना?"

"कुठलं घेतोय! निलगिरीकडचा एक माणूस वर्षानुवर्षं अस्सल लेह्यम आणून द्यायचा. आता म्हणतो, जंगलात वानरच सापडत नाही."

अशोकरावांनी पेला रिकामा केला.

 

"म्हणून तर घसा फोडून सांगतोय, ही वानरं जगली पाहिजेत!"